वरच्या थरातली पानं

३ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तोच असेल असं धरून चालले आहे.

सोबत माझा एक छापून आलेला निबंध आहे. वाचला नाहीस तरी चालेल, चित्रं तेवढी बघ. बाबांनी काढली आहेत. माझ्या नावाखाली 'रेखाटने' म्हणून त्यांचं नाव स्वतंत्र ओळीत छापलंय. ते त्यांनी चष्मा लावून, चष्मा काढून आणि शेवटी उजेडात नेऊन वाचलं.

आई गेल्यावर ते दिवसचे दिवस खुर्चीत बसून असायचे. जेवायला उठा म्हटलं की उठायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. मग मी त्यांना संग्रहालयात न्यायला लागले. हे तुला कुणी सांगितलं नसेल. सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेलेला माणूस, हातात टाक आला की ताळ्यावर येतो. दगडातल्या पानावर भिंग धरायचं, उजवा डोळा भिंगाला, डावा कागदावर, आणि पानाची कड एका दमात ओढायची. आमच्याकडची पोरं काम टाकून बघत उभी राहतात आणि बाबा त्यांना हाकलतात. मला वाटतं त्यांना ते आवडतं.

तू म्हणायचीस ना, ताई मेलेल्या पानांचा ताप बघते? तेच चालू आहे अजून. शहराबाहेर विटांच्या मातीची खाण आहे. तिथे एक खालचा थर आणि त्याच्यावर हातभर अंतरावर दुसरा थर, दोन्हींत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे. उबदार हवेतल्या जंगलात गुळगुळीत कडेच्या पानांची झाडं जास्त असतात. हवा थंड असेल तर करवतीसारख्या दातेरी कडेची झाडं वाढतात. असं का, यावर आमच्या लोकांची अजून जुंपते, पण आजच्या जंगलांत मोजून पाहिलं तर तसंच निघतं. मग एका थरात सापडलेल्या सगळ्या जाती वेगळ्या करायच्या, त्यांतल्या किती गुळगुळीत कडेच्या ते पाहायचं, की तेव्हाचं वर्षाचं सरासरी तापमान साधारण किती होतं ते सांगता येतं. पान केवढं मोठं होतं त्यावरून पावसाचा अंदाज. खालच्या थराचं उत्तर आलं तेवीस अंश. वरच्याचं सतरा. म्हणजे पृथ्वीच्या हिशेबात पापणी लवेपर्यंत सहा अंशांनी थंडी पडली. या निबंधाचं बरंच नाव झालं आहे. लोकांची पत्रं येतात. आमचे साहेब तर भेटेल त्याला ही थंडी सांगत सुटले आहेत.

बाकी घरी ठीक. परवा बाबांनी सुतार बोलावला. त्यांच्या खोलीच्या दाराची चौकट वाकली आहे असं त्यांचं म्हणणं. सुतारानं ओळंबा सोडला, खालीवर पाहिलं आणि म्हणाला, "काका, चौकटीला काही झालेलं नाही. माझी पाठ वाकेल, ही नाही वाकायची." बाबांनी एक डोळा मिटून पुन्हा बघितलं. म्हणाले, "ओळंबा तपासून घे तुझा." सुतार बिचारा चहा पिऊन गेला. मी आत तोंडावर पदर धरून हसत होते.

उत्तर लिहिलं नाहीस तरी निबंध पोचला एवढं कळव.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पाकीट आलं. चार वर्षांनी आलेलं पाकीट, म्हणून मी ते उघडायच्या आधी हात धुतले. आत चौकटी छापलेला कागद, मधोमध काळं टिंब, आणि खाली तुझ्या अक्षरात एक ओळ: 'एकेक डोळा झाकून टिंबाकडे बघायला सांग, रेघा सरळ दिसतात का विचार.' वर 'ताई' नाही, खाली नाव नाही. मला आधी राग आला. मग आठवलं की बंदरावर तुम्हा क्रेन चालवणाऱ्यांची दरवर्षी अशी तपासणी होते असं तू आईला सांगितलं होतंस.

निबंधातलं काही न वाचता तू सुतार तेवढा वाचलास. मी त्याच्यावर हसले होते.

बाबांना म्हटलं, गंमत म्हणून बघा. त्यांनी आधी उजवा डोळा झाकला. "सरळ आहेत. काय गंमत यात?" मग डावा झाकला. कागद जवळ आणला, लांब नेला. मी विचारलं, "टिंब दिसतंय ना?" त्यांनी कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि म्हणाले, "छपाई वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आले, पण रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत. डॉक्टर बाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, आपण ज्याने वाचतो, माणसांचे चेहरे ओळखतो तो. तिथे नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढल्यात आणि पडदा त्यांच्यामुळे उचलला गेलाय. त्यामुळे सरळ रेघ नागमोडी दिसते. उजवा डोळा बराच गेलाय, वर्ष-दीड वर्ष तरी हे चालू असणार. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. गेलेलं परत येईलच असं नाही, उरलेलं टिकवायचं. बाबांनी सगळं नीट ऐकलं, उठले, त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "डोळ्यात सुई मी घेणार नाही." घरी आल्यावर मी पुन्हा विषय काढला तर रेडिओ लावला.

आता दुसरं सांगते. हे कुणाशी बोललेले नाही.

डॉक्टर बाई 'सरळ रेघ नागमोडी दिसते' म्हणाल्या तेव्हा मी दाराच्या चौकटीचाच विचार करत होते. संग्रहालयात पोचले, कोट काढून खुंटीला लावत होते, तेव्हा डोक्यात आलं. उजवा डोळा भिंगाला, डावा कागदावर. तशीच कोट हातात घेऊन कपाटांकडे गेले.

तुला हे माहीत हवं म्हणून सांगते. ही माती ओली आहे तोवर पान शाबूत असतं. वाळली की पापुद्रा सुटतो आणि पान फुंकरीनं उडून जातं. म्हणून खाणीतून आणलं की आधी बाबा काढायचे, पुढे काय टिकेल ते टिकेल. काळ्या मातीवर काळं पान, फोटोत कड धड कळत नाही. आम्ही जाती लावल्या, कडा मोजल्या, ते सगळं चित्रांवरून. त्या चित्रांवर कुणी शंका घेतली असती तर मीच भांडले असते.

खालच्या थराची चित्रं दोन वर्षांपूर्वीची. उरलेल्या दगडांशी लावून पाहिली, केसभर फरक नाही. वरच्या थराचं काम गेल्या वर्षीचं. त्याचे जे दगड शिल्लक आहेत ते एकेक काढून तिरप्या उजेडात धरले. दगडावर कड गुळगुळीत. बाबांच्या कागदावर तीच कड बारीक बारीक उंचवटे घेत गेलेली. मी त्यांना बोथट दाते समजले होते. पुढचा दगड काढला. तेच. त्याच्या पुढचा, तेच. मग मी खाली फरशीवर बसले. साहेब दारातून डोकावले, म्हणाले, "काही पडलं का?" मी म्हटलं, "कानातलं शोधतेय."

त्यांना सांगायचं नाही असं मी ठरवलंय. आधीच डोळ्याचं ओझं, त्यात हे झेपणार नाही. जे दगड आहेत त्यांवरून चूक किती ते काढता येईल, तेवढी उत्तरातून वजा करता येईल. गाजावाजा न करता दुरुस्ती छापता येईल. बाबांना ते नियतकालिक कोण दाखवणार आहे?

तूही कुणाला सांगू नकोस. म्हणजे, तू सांगणार तरी कुणाला.

ताई


९ मार्च

धाकटे,

या वेळी पूर्ण पानभर लिहिलंस. वर 'ताई' असंही लिहिलंस. पण त्यापुढचं वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं आणि भांडी घासायला घेतली.

तू लिहिलं आहेस: "'त्यांना झेपणार नाही' हे वाक्य मी आधी ऐकलंय. तेव्हा ते माझ्याबद्दल होतं."

मी ते विसरले आहे असं तुला वाटतं का? आईची तब्येत सकाळी बिघडली. मी खाणीवरून येईपर्यंत दुपार झाली होती आणि तुला फोन करायचा नाही हे ठरून गेलं होतं. बाबा म्हणाले, ती तिकडे आभाळात बसलेली असते. असं कानावर पडलं आणि उतरताना तिचा पाय सुटला तर? कामाची पाळी संपल्यावर सांगू. पाळी संपली, तुला सांगितलं, तू मिळेल त्या गाडीनं निघालीस आणि पोचलीस तेव्हा आईला नेऊन झालं होतं. तू उंबऱ्यातूनच विचारलंस, "कुणी ठरवलं?" बाबा म्हणाले, "मी." तू पाणीसुद्धा न पिता परत गेलीस. मी जिन्यापर्यंत मागे आले. तू वळून पाहिलं नाहीस.

तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. पण तुला तिकडे बसून 'सांगून टाक' म्हणणं सोपं आहे. इथे रोज सकाळी ते बूट घालून तयार बसतात. 'आज कुठली पानं?' विचारतात. मी म्हणते, आज सुट्टी, आज रंगकाम चालू आहे, आज वीज नाही. मग ते बूट काढतात. माणसाला बूट काढताना बघायचं म्हणजे काय, ते तुला तिथून दिसत नाही.

हे लिहिलं आणि परत वाचलं. खोडत नाही.

रविवारी सांगेन.

ताई


१६ मार्च

धाकटे,

सांगितलं.

कसं सांगायचं याची बरीच उजळणी केली होती, ती सगळी वाया गेली. शनिवारी संग्रहालयातून एक दगड घरी आणला. वरच्या थरात काही ठिकाणी माती लोखंडासारखी घट्ट झालेली आहे, तिथलं पान जरा उठावाचं मिळतं, बोटाला लागतं. रविवारी नाश्ता झाल्यावर टेबल पुसलं आणि तो दगड बाबांच्या पुढे ठेवला. त्यांनी सवयीनं भिंगाकडे हात नेला. मी म्हटलं, "भिंग नको. बोटानं बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हल्ली ते असं जरासं बाजूला पाहतात, माझ्या कानाकडे पाहिल्यासारखं. मी ते म्हातारपण समजत होते. मग त्यांनी अंगठ्याचं नख पानाच्या देठाशी टेकवलं आणि कडेनं वर नेलं, टोकापर्यंत. दुसऱ्या बाजूनं खाली आणलं. पुन्हा नेलं.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

"हो."

"मी काढलंय का हे?"

"हो."

"कसं काढलंय?"

चित्र माझ्या पिशवीत होतं. ते मी बाहेर काढलं नाही. म्हटलं, "दाते काढलेत तुम्ही, बाबा."

ते उठले, बेसिनपाशी गेले, हात धुतले, पुसले, परत येऊन बसले. मी वाट बघत होते की ते चिडतील. दगड बदलला असेल म्हणतील, सुताराला म्हणाले तसं. ते म्हणाले, "अजून किती?"

"तपासता आले त्यांतले निम्म्याहून जास्त."

"आणि तपासता येत नाहीत ते?"

"त्यांचे दगड उरलेच नाहीत. पण चूक एकाच बाजूला आहे, सगळीकडे दातेच वाढलेत. तेव्हा हिशेबानं ती काढून टाकता येईल." हे मी जरा उत्साहानंच सांगितलं. त्यांना धीर द्यायला सांगितलं, आणि मलाही तेवढाच आधार होता.

ते बराच वेळ टेबलाच्या पत्र्यावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, "नाही काढता येणार."

"का?"

"आधी मला वाटलं चौकट वाकली. मग खिडकीची पट्टीही वाकडी दिसायला लागली. मग रस्त्यावरचा दिव्याचा खांब. सगळं गाव तर वाकणार नाही ना, थोरले? कळलं मला. सुतार आला त्याच्या कितीतरी आधीपासून कळत होतं. तरी कुणीतरी चौकटच वाकली म्हणावं, म्हणून त्याला बोलावलं."

मी दगड बाजूला सरकवला.

"मग मी सुधारून काढायला लागलो. कड नागमोडी दिसली की म्हणायचं, हा डोळा खोटं बोलतोय, ही सरळ असणार. आणि सरळ ओढायची. कुठे खरे दाते असतील तेही मी पुसले असतील. कुठली पानं दिसली तशी काढली आणि कुठली अंदाजानं सरळ केली, ते आता मला सांगता यायचं नाही."

तुला यातलं कळतंय ना, धाकटे? चूक एका बाजूची असती तर वजा करता आली असती. दोन्ही बाजूंची, तीही कुठे कुठली ते माहीत नाही, म्हणजे वरच्या थराचं एकही चित्र कामाचं नाही. गेल्या वर्षाचं सगळं काम गेलं. सहा अंश गेले.

मी म्हटलं, "सांगायचं होतंत मला." आवाज चढला माझा. "एका शब्दानं सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू टाक काढून घेतला असतास."

"घ्यायलाच हवा होता."

"हो," ते म्हणाले. "आणि मी परत त्या खुर्चीत."

शेजारच्यांकडे कुणीतरी पेटीवर एकच ओळ शिकत होतं, पुन्हा पुन्हा चुकत होतं. बाबा ऐकत होते. जेवायच्या वेळेला त्यांनी आपणहून विचारलं, "त्या डॉक्टर बाई कुठल्या वारी असतात?"

तू म्हणालीस तसं केलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. पण सोमवारी सकाळी ते बूट घालून बसले नव्हते, आणि मला खोटं बोलावं लागलं नाही.

ताई


३० एप्रिल

धाकटे,

मध्ये फार दिवस गेले. खाणीवर होते.

'डोळा कसा आहे' असं लिहिलंस. कुणाचा, ते लिहायचं टाळलंस. डोळ्याच्या मालकाला मी ते वाचून दाखवलं. म्हणाले, "मालक बरा आहे म्हणून कळव." दोन इंजेक्शनं झाली. पहिल्या वेळी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी अंगठी रुतली. बाहेर आल्यावर म्हणाले, काही नाही, चिलट गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्या वेळी शेजारी बसलेल्या एका घाबरलेल्या बाईंना हेच सांगत होते, अगदी मुरलेल्या माणसासारखं.

साहेबांना मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. त्यांनी डोकं धरलं. मग पाणी प्यायले आणि समजूतदारपणे म्हणाले, "रेखाटनांमध्ये काही तांत्रिक त्रुटी आढळल्या, एवढंच छापू. वडिलांचं नाव, आजार, हे कशाला? म्हाताऱ्या माणसाची शोभा होईल." मला ते पटलं होतं, खरं सांगते. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "नकाशावर पूल चुकीच्या जागी दाखवला आणि गाडी नदीत गेली, तर खाली सही कुणाची ते बघतात. चित्रांखाली नाव माझं आहे ना? मग चुकीखालीही घाल."

मी मजकूर लिहिला. वाचून दाखवला: 'रेखाटनकाराच्या उजव्या डोळ्याच्या विकारामुळे वरच्या थरातील पानांच्या कडा अचूक नोंदल्या गेल्या नाहीत.'

"विकारामुळे नाही," ते म्हणाले. "विकार लपवल्यामुळे. तसं लिही."

मी म्हटलं, असं कुणी छापत नाही. ते म्हणाले, "मग मी वेगळं पत्र पाठवतो संपादकांना." शेवटी 'विकार वेळीच कळवला न गेल्यामुळे' यावर तडजोड झाली. छापून आलंय. काही लोकांनी मला पत्रं पाठवणं बंद केलं. एका अनोळखी बाईंनी लिहिलं की त्यांच्या चित्रकाराचे डोळे त्यांनी तपासून घेतले.

मग खाण. वरचा थर एकाच कड्यात शिल्लक होता आणि वीटवाले तो कापणार होते. मी त्यांच्या मुकादमाला गाठलं. तो म्हणाला, "बाई, मागच्या वर्षी नेलीत ना पानं?" मी म्हटलं, "चुकीची नेली." त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं यंत्र दुसऱ्या टोकाला लावलं.

या वेळी चित्रांचा भरवसा नको, असं ठरवलं. दगड उघडला की मी आणि आमचा एक सहकारी, दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांना न विचारता कड ठरवायची आणि मगच ताडून पाहायचं. बाबा म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, ऊन आहे, धूळ आहे, डॉक्टर रागावतील. ते म्हणाले, "पाणी मारायला कुणी लागेलच की." खरंच लागतं. दगड ओले ठेवावे लागतात. मग ताडपत्रीखाली खुर्ची टाकली आणि ते फवाऱ्याची बाटली घेऊन दिवसभर बसायचे. दगड उघडला की आधी त्यांच्यापुढे यायचा. ते पाणी मारायचे आणि कुठलंही मत न देता पुढे सरकवायचे. एकदाच चुकून "दातेरी वाट..." इतकं म्हणाले आणि थांबले. "मी बोललो नाही," म्हणाले.

उत्तर बावीस आलं. खालच्या थरापेक्षा एक अंशानं कमी, आणि एवढी चूक या पद्धतीत गृहीतच धरलेली असते. तेव्हा थंडी पडलीच नव्हती. दोन्ही थरांच्या वेळी तिथे तसंच उबदार, तसंच ओलं जंगल होतं. मोठ्या पानांचं, दाट.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे एवढी थंडी मी एकट्यानं पाडली."

आम्ही दोघंही हसलो. मग ते तोंड वळवून बाटलीत पाणी भरायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

ताई


२१ मे

धाकटे,

काल फोनवर तुमचं जे बोलणं झालं ते तुझं तुला माहीत. मी लांब जाऊन उभी राहिले होते. पण त्याच्या आधी इथे काय झालं ते तुला दिसलेलं नाही, म्हणून लिहिते.

तिसऱ्या इंजेक्शननंतरची तपासणी होती. डॉक्टर बाईंनी दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले आणि पडद्यावर शेजारीशेजारी लावले. म्हणाल्या, उजव्या डोळ्याचा मध्य परत येणार नाही, हे आता नक्की. आणि डाव्यातही सुरुवात झालीय. लवकर सापडलं, इंजेक्शनं आजपासूनच सुरू करू, टिकेल अशी आशा आहे, पण हमी देत नाही. बाबांनी विचारलं, "वाचता येईल?" त्या म्हणाल्या, "आज येतंय. पुढचं मी सांगू शकत नाही." बाबा म्हणाले, "स्पष्ट सांगितलंत, बरं झालं."

आम्ही बाहेर आलो. आत परत बोलवायला अवकाश होता. मी त्यांना बाकावर बसवायला लागले तर ते म्हणाले, "धाकटीला फोन लाव."

मी म्हटलं, "बाबा, ती आत्ता कामावर असेल. वर असेल. संध्याकाळी लावू."

"आत्ता लाव."

"ती वर फोन नेत नाही."

"मग बंदराच्या ऑफिसात लाव. तिथे कुणीतरी उचलेल."

मी नंबर शोधेपर्यंत ते हात पुढे करून उभे होते. लागला तसा फोन माझ्या हातातून घेतला. तुझं नाव सांगितलं, मी तिचा बाप बोलतोय म्हणाले. पलीकडच्या माणसानं काहीतरी विचारलं असावं. बाबा म्हणाले, "नाही, कुणी गेलेलं नाही. पण तिला खाली बोलवा. हातातलं आधी नीट ठेवू दे म्हणावं, आणि सावकाश उतर म्हणून सांगा. मी धरून ठेवतो फोन."

मग ते उभेच राहिले. लोक येत-जात होते, स्ट्रेचर आलं, परिचारिकेनं बाजूला व्हायला सांगितलं. ते भिंतीला पाठ लावून बाजूला झाले. फोन कानाला तसाच. मी म्हटलं, बसा तरी. मानेनं नाही म्हणाले. मी म्हटलं, फार वेळ लागतोय, ठेवा, ती करेल परत.

"लागणारच," ते म्हणाले. "शिडी सरळ उभी असते. मध्ये दोनदा थांबायला जागा आहे, पण ती थांबत नसेल."

हे त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही सांगितलं. मलाच माहीत नव्हतं.

आतून आमचं नाव पुकारलं. मी परिचारिकेला हातानंच 'थोडं थांबा' म्हटलं. त्या कपाळाला आठ्या घालून परत गेल्या. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते, त्या त्यांच्या नव्या पद्धतीनं, जरासं बाजूला. त्यांचे ओठ हलत होते. तू उतरत होतीस तेवढा सगळा वेळ.

मग पलीकडे तू काहीतरी म्हणालीस. धापा टाकत असणार. बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी. बाबा बोलतोय," ते म्हणाले. "डावा डोळाही गेला तर जाईल म्हणतात. आत्ताच कळलं मला. म्हणून आत्ताच केला."

ताई